मिस्टर विदाउटफॅन

"मीनल, गळा शाबूत आहे, ते कळतंय गं," पुण्याहून अलकाताई फोनवर म्हणाल्या, "पण मागे ती पिठाची गिरणी कुणाची चालू आहे?"

फोन स्पीकरवर असल्यामुळे हा प्रश्न इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या दिवाणखान्यात तिघांनीही ऐकला. मीनलने ऐकला, तिनेच ते गाणं सीडीवर घालून मोठ्या आशेने आपल्या गुरूंना पाठवलं होतं. लेकीकडे राहायला आलेल्या श्यामलाबाईंनी ऐकला आणि त्यांनी घाईघाईने हातातल्या मेथीत मान घातली. आणि मीनलच्या नवऱ्याने, हरीश मोकाशीने ऐकला. गिरणी त्याची होती.

गिरणी म्हणजे घरातला कॉम्प्युटर. हरीशने तो स्वतःच्या हाताने जुळवला होता, आणि स्वतःच्या हाताने जुळवलेल्या वस्तूबद्दल माणसाला जे वाटतं ते सगळं त्याला त्याच्याबद्दल वाटत असे. आत चार पंखे होते. एक प्रोसेसरवर, एक वीजपुरवठ्याच्या डब्यात, एक ग्राफिक्स कार्डावर, आणि चौथा घरात उरला होता म्हणून. कॉम्प्युटर चालू केला की भिंतीपलीकडच्या कीथला मोकाश्यांनी व्हॅक्युम क्लीनर काढला असं वाटायचं. इतका साफसूफ राहणारा शेजारी आपल्याला मिळाला म्हणून तो बिचारा चारचौघांत कौतुकही करायचा.

"त्या घरघरीने तुझा षड्जच खाली ओढलाय," अलकाताई पुढे म्हणाल्या. "तू गातेस काळी चारला, आणि ती गिरणी लागलीय पांढरी पाचला. मला गाणं ऐकायचंय की दळण? हे बघ, डिसेंबरात आपल्या उत्सवात एका तासाची जागा आहे. ती तुला द्यायची की नाही हे मला ठरवायचंय. आई परत येईल ना, तिच्याबरोबर स्वच्छ रेकॉर्डिंग पाठव. ते ऐकते आणि सांगते."

मीनल अकरा वर्षं अलकाताईंकडे शिकली होती. लग्न होऊन इंग्लंडला आल्यापासून तिला 'गा' असं कुणी म्हटलं नव्हतं. मंडळाच्या गणपतीतल्या आरत्या सोडल्या तर तिचं गाणं भांडी घासण्यापुरतं उरलं होतं. आता गुरूंच्या गुरूंच्या पुण्यतिथीला, जाणकारांसमोर, पूर्ण एक तास! तिने फोन ठेवला. मग हरीशकडे वळून म्हणाली, "मला ही जागा हवीये, हरीश. खूप हवीये."

हरीशला कॉम्प्युटरचा झालेला अपमान झोंबला होता, हे खरं. पण बायकोचा चेहरा बघून त्याला काहीतरी निराळंच झालं. तो ताडकन उठला. "या घरात पंखा म्हणून राहणार नाही!" तो म्हणाला. "मी असा कॉम्प्युटर करतो, मीनल, की चालू आहे का बंद ते ब्रह्मदेवाला कळायचं नाही!"

"स्वयंपाकघरातला राहू दे हो," श्यामलाबाई म्हणाल्या. "फोडणीचा धूर होतो."

मिल्टन कीन्समध्ये अंतर राउंडअबाउटांत, म्हणजे गोल चौकांत, मोजतात. हरीशचा मित्र जयंत चार राउंडअबाउटांवर राहायचा आणि एका बँकेचे डेटाबेस सांभाळायचा. हरीशने त्याला सगळी हकिकत सांगितली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "अरे, माझ्याकडे चांगला टेपरेकॉर्डर आहे. माइकसकट घेऊन जा. प्रश्न मिटला."

हरीशने त्याच्याकडे दयार्द्र नजरेने पाहिलं. "जयंता, प्रश्न मिटवायचा नाहीये. सोडवायचाय."

माइक मात्र त्याने ठेवून घेतला.

दुसरा सल्ला कीथचा. कीथ रिटायर्ड होता, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे एकच उत्तर होतं, ते म्हणजे बागेतली शेड. "शेडमध्ये ठेव ना!" तो कुंपणावरून म्हणाला. "लांब केबल घे, खिडकीतून आत सोड. जॉब डन." हरीशला ते एकदम पटलं. शनिवारी कॉम्प्युटर शेडमध्ये गेला. माइकची केबल दिवाणखान्यापर्यंत पोचली, माउसची काही पोचेना. म्हणून हरीशही शेडमध्ये गेला. तिथे कुंड्या आणि गवत कापायचं यंत्र यांच्यामध्ये तो रेनकोट घालून बसला आणि श्यामलाबाईंनी खिडकीतून पंचा हलवला की रेकॉर्डिंग चालू करायचं असं ठरलं. श्यामलाबाईंनी पंचा हलवला. कीथला वाटलं त्या आपल्यालाच हात करताहेत, म्हणून त्याने उलट हात केला. त्यावर त्यांनी सौजन्याने पुन्हा पंचा हलवला, आणि हरीशने रेकॉर्डिंग बंद केलं. हा शिष्टाचार चांगला अर्धा तास चालला, आणि सीडीवर मीनलचा फक्त खाकरण्याचा आवाज आला.

तेव्हा हरीश मूळ मुद्द्यावर आला. मुद्दा प्रोसेसरचा होता. प्रोसेसर जितका पळतो तितका तापतो. तापला की त्याला वारा घालायला पंखा लागतो, आणि पंखा आला की गिरणी आली. मग मुळात न तापणाराच प्रोसेसर आणला तर? अशी एक वेडी जमात इंटरनेटवर होती, जी फक्त आवाज न करणारे कॉम्प्युटर बनवायची आणि एकमेकांना त्यांचे फोटो दाखवायची. हरीश त्या जमातीत असा मिसळला की आठवडाभरात तो तिथे नवख्यांना उपदेश करू लागला. घरातल्या बऱ्याशा प्रोसेसरला ऐंशी-नव्वद वॅट लागतात, हे त्याला कळलं. तैवानमध्ये असे चिमुकले बोर्ड बनतात की प्रोसेसर त्यांच्यावरच डकवलेला असतो, आणि तो एवढ्याशा विजेवर गुण्यागोविंदाने राहतो, हे कळल्यावर तर त्याला जेवण गोड लागेना. त्यातही दोन होते. एक बारा वॅटचा, बऱ्यापैकी पळणारा. दुसरा पाच वॅटचा, चालणारा.

घरात वॅटशिवाय दुसरा शब्द राहिला नाही. हरीश दिवे बघून वॅट सांगायचा. टोस्टरपुढे उभा राहून म्हणायचा, "आठशे! आई, आठशे वॅट! दोन ब्रेडसाठी!" श्यामलाबाईंनी लगेच ब्रेड तव्यावर भाजायला घेतला.

जयंतने बारा वॅटची बाजू उचलून धरली. "पाचवाला फार मठ्ठ आहे रे. रेकॉर्डिंगला थोडा तरी दम लागतो."

"पण पाच, जयंता! पाच! सायकलच्या दिव्याएवढा!"

"मग सायकलच घे."

"हरीशराव," श्यामलाबाईंनी मध्येच विचारलं, "बारा म्हणजे किती तापतो म्हणायचा?"

"कोमट, आई. वरून हात लावलात तर नुसता कोमट लागेल. बाळाच्या अंघोळीच्या पाण्यासारखा."

"अस्सं," श्यामलाबाई म्हणाल्या आणि विचारात पडल्या. तेव्हा कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

मीनलने निकाल दिला. "मला गाताना कॉम्प्युटर ऐकू यायला नको. बाकी बारा आण नाहीतर तेरा." बारा ठरला.

ऑर्डर देताना हरीशला एक काळजी होती. हाच बोर्ड त्या दुकानात पंखा लावलेलाही मिळत होता, आणि चुकून तो आला तर? पुण्यात असं असतं तर दुकानदाराला दहादा बजावता आलं असतं, "पंखा नको हं, पंखा नको." या वेबसाइटवर बजावायला जागाच नव्हती. तेव्हा त्याने आडनावाच्या चौकटीत 'WITHOUT FAN' असं ठळक अक्षरांत टाइप केलं. सांगितलेलं बरं.

पार्सल आलं तेव्हा घरी कुणी नव्हतं. दारात कार्ड पडलं होतं: मिस्टर हरीश विदाउटफॅन, आपलं पार्सल आमच्या डिपोत आहे, ओळखपत्र घेऊन या. हरीश सहा राउंडअबाउट ओलांडून डिपोत गेला आणि आपला पासपोर्ट काचेखालून सरकवला.

"हे तर मोकाशी आहे," काचेपलीकडची बाई म्हणाली. "पार्सल मिस्टर विदाउटफॅन यांचं आहे."

"तो मीच."

"मग त्या नावाचं काही आहे का? विजेचं बिल वगैरे?"

पंधरा वर्षं शिक्षण, वर्क परमिट, स्वतःच्या नावाचं पार्किंग, आणि आपण विदाउटफॅन आहोत हे सिद्ध करता येऊ नये! हरीशला अपमानाने घाम फुटला. त्याने समजावून सांगायला सुरुवात केली. आधी बोर्ड, मग वॅट, मग उष्णता, मग षड्ज. मागे रांग वाढत गेली. पहिल्यांदा लोक चुळबुळले, मग ऐकू लागले. एक म्हातारा म्हणाला की त्याचाही कॉम्प्युटर फार गुरगुरतो. शेवटी सुपरवायझर आला, त्याने हरीशची मतं पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाला, "हे आडनाव या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. देऊन टाक." पुढे कित्येक महिने मोकाश्यांच्या घरी मिस्टर विदाउटफॅन यांच्या नावाने कॅटलॉग येत होते, आणि कीथ ते कुंपणावरून देताना तोंड अगदी सरळ ठेवत असे.

मग जुळवाजुळव. काय दिवस होते ते! हरीश ऑफिसातून धावत यायचा. बोर्ड हातात मावेल एवढा. खोका ॲल्युमिनियमचा, डोक्यावर पन्हाळी पत्र्यासारखी उभी पाती, आतली उष्णता तिथून बाहेर जायची. वीजपुरवठा लॅपटॉपसारख्या बाहेरच्या ॲडॅप्टरमधून. एकच नाठाळ उरला होता, तो म्हणजे हार्ड डिस्क. ती फिरताना बारीक गुणगुणायची आणि खोका तिच्यासोबत गुणगुणायचा. त्या वेड्या जमातीचा सल्ला असा की डिस्क इलॅस्टिकवर टांगावी, म्हणजे तिची थरथर खोक्याला लागत नाही. घरात इलॅस्टिक शोधलं, मिळालं नाही. रविवार, दुकानं बंद व्हायची वेळ. हरीश क्षणभर थांबला आणि मग त्याने आपल्या पायजम्यातलं ओढून काढलं. त्या दिवसापासून तो घरात एका हाताने पायजमा धरून हिंडू लागला. सासूबाईंसमोर हे बरं दिसत नाही हे त्याला कळत होतं, पण डिस्क काय सुरेख लोंबत होती!

"आधी गिरणी होती," मीनल म्हणाली, "आता पाळण्यात घातलीस."

खिडकीखालच्या बुटक्या कपाटावर खोका विराजमान झाला. हरीशने बटण दाबलं. सगळे श्वास रोखून बसले.

"लावा की," श्यामलाबाई म्हणाल्या.

"आई, लावलाय!"

"काहीतरीच!" त्यांनी कान खोक्याजवळ नेला, मग वरती हात ठेवला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं बाई! खरंच की कोमट!"

हरीशने आनंदाने दोन्ही हात वर केले, आणि ताबडतोब एक खाली आणला. मीनल हसता हसता डोळे पुसत होती. "ऐक," ती म्हणाली, "काहीच ऐकू येत नाहीये." ती डोळे मिटून उभी राहिली आणि तिने हळूच षड्ज लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो त्या खोलीत एकटा उभा राहिला. हरीशच्या अंगावर काटा आला.

मग ध्यानात आलं की घर कधीच शांत नव्हतं. ते सगळं पंख्यांखाली झाकलेलं होतं. फ्रिज हुंकार देत होता, भिंतीवरचं घड्याळ ठोके देत होतं, बॉयलर मध्येच दचकून जागा होत होता. हरीशने एकेकाला गाठलं. रेकॉर्डिंगपुरता फ्रिज बंद, घड्याळ उशीखाली, हीटिंग बंद. कीथला जाऊन विनंती केली. तो म्हणाला, आमच्याकडे संध्याकाळी मोठ्या आवाजाचं काही होत नाही, आमचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली.

उरला एक आवाज. तो हरीशचा.

हरीशला गाणं मनापासून आवडायचं, पण ताल त्याच्या वाट्याला आला नव्हता. आवर्तन संपून गाणारा आणि तबला जिथे येऊन भेटतात त्या समेवर लोक मान डोलावतात. हरीश इतरांकडे बघून डोलावायचा, आणि तेही लोकांच्या माना जागेवर परतल्यावर. लग्नात अलकाताई गायल्या होत्या, तेव्हा त्या पाणी प्यायला थांबल्या असताना नवरदेवाने मोठ्याने "क्या बात है!" म्हटलं होतं. हे मीनलच्या माहेरी अजून काढतात.

"तू खोलीत बसायचं नाहीस," मीनल म्हणाली. हरीशला लागलं, पण तो पायजमा सावरत वरच्या जिन्यावर जाऊन बसला.

पहिल्या संध्याकाळी तिने पूरिया राग धरला. विजेवरची तंबोऱ्याची पेटी, तशीच तबल्याची पेटी, आणि भिंतीकडे तोंड करून मीनल. जिन्यावर हरीश मांडीवर नखं रुतवून गप्प बसला होता. विलंबित रंगत गेलं, आणि एकाएकी ती थांबली. "हरीश! बंद पडला!"

तो धावत खाली आला. स्क्रीन काळा. श्यामलाबाईंनी "थांबा, तुम्हाला अडचण नको," म्हणत कपाटावरचं आपलं काहीबाही उचललं आणि त्या आत गेल्या. हरीशने बटण दाबलं. कॉम्प्युटर सुतासारखा सरळ सुरू झाला आणि तो समोर बसला होता तोवर चालत राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो चालू ठेवून झोपावं, तर सकाळी मेलेला. समोर बसावं, तर ठणठणीत.

"तुला बघून घाबरतो," जयंत म्हणाला.

त्याच आठवड्यात घरात एक सुखाची गोष्ट घडत होती, ती नमूद केली पाहिजे. श्यामलाबाई आल्यापासून कुरकुरत होत्या की या देशात दही लागत नाही. थंडीने दूध नुसतं रुसून बसतं, सकाळी बघावं तर ताकाएवढंही आंबलेलं नाही. आणि आता अचानक सुरीने वड्या पाडाव्यात असं दही! रोज कढी, एके दिवशी श्रीखंड. हरीश दुःखात होता, पण दोनदा वाढून घेत होता. "आई, इंग्लंड तुमच्या हाताला मानवलं," तो म्हणायचा, आणि श्यामलाबाई लाजायच्या. त्याच सुमारास त्याचा मफलर नाहीसा झाला. मग सापडला, तर त्याला आंबूस वास येत होता. ऑफिसात लिफ्टमध्ये लोक जरा लांब उभे राहू लागले.

आई परत जायला आता थोडेच दिवस उरले होते. मीनल हसायची बंद झाली होती. एका संध्याकाळी ती म्हणाली, "राहू दे, हरीश. मी टेपवर करते. खरखरीत का असेना, गाणं जाईल तरी." त्याला तिच्या आवाजातलं ते 'राहू दे' सहन झालं नाही.

"तापतोय तो!" त्याने टेबलावर मूठ आपटली. "बारा वॅटसुद्धा त्याला जास्त होताहेत. पाच! मी पहिल्यापासून सांगत होतो, पाच!"

मिस्टर विदाउटफॅन यांनी पुन्हा ऑर्डर दिली. डिपोतल्या बाईने या वेळी नाव विचारलं नाही. "घरी सगळे शांत आहेत ना?" एवढंच विचारून तिने पार्सल दिलं.

पाच वॅटचा बोर्ड बसवला. संध्याकाळ गेली, रात्र गेली, सकाळी तो जिवंत! हरीशने घरभर नाच केला. मीनलने पूर्ण पाऊण तास गाऊन घेतलं, कुठे काही अडलं नाही. आणि मग ऐकायला बसले, तर विलंबितापर्यंत ठीक. द्रुतात तान सुरू झाली की चार सूर आहेत, दोन नाहीत, पुन्हा तीन आहेत. प्रोसेसरला तेवढं धावून लिहून घेणं जमत नव्हतं. जयंतने फक्त सायकलच्या घंटीचा आवाज काढला.

त्या दिवशी सगळे जेवायला बसले. श्यामलाबाईंनी वाटीत पांढरं पाणी वाढलं.

"दही लागलं नाही का हो आई?" हरीशने विचारलं.

"नाही ना," त्या खिन्नपणे म्हणाल्या. "तुमचं हे नवीन मशीन आल्यापासून लागतच नाही. आधीचं फार गुणी होतं हो. पातेलं वर ठेवलं, तुमचा मफलर गुंडाळला, की सकाळी घट्ट."

हरीशचा घास हातातच राहिला. "कशावर ठेवलं?"

"मशीनवर. तुम्हीच नाही का म्हणालात, बाळाच्या पाण्यासारखं कोमट? मग मला सुचलं. तुम्ही दुरुस्तीला बसलात की मी लगेच उचलायची हं. जावयाच्या कामात अडचण नको."

"आणि पाती मफलरने..."

"चांगली झाकून घ्यायची. ऊब बाहेर जायला नको."

हरीशने मीनलकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"मला वाटलं तुला माहितीये," मीनल म्हणाली. "मी भिंतीकडे तोंड करून गाते. आणि आईचं पातेलं घरात कुठेही असतं." आणि मग ती हसायला लागली. ती अशी हसली की तिला ठसका लागला. श्यामलाबाईंना काय झालं ते कळेना, आणि कळलं तेव्हा त्या इतक्या ओशाळल्या की हरीशलाच त्यांची समजूत घालावी लागली. "आई, तुमचा काही दोष नाही," तो म्हणाला. "तो दही लावता लावता गाणं घेत होता. बारा वॅटमध्ये किती करणार?"

श्यामलाबाईंचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. आता एकच संध्याकाळ हातात होती, तीही सुरू झालेली. हरीशने ताटावरून उठून स्क्रू ड्रायव्हर घेतला. पाच वॅट बाहेर, बारा वॅट आत, डिस्क पुन्हा पाळण्यात. फ्रिज बंद, घड्याळ उशीखाली. श्यामलाबाई सोफ्यावर दोन्ही रिकामे हात मांडीवर, दिसतील असे ठेवून बसल्या. आणि हरीश या वेळी जिन्यावर गेला नाही. तो खोक्याशेजारी जमिनीवर बसला. "मी पहारा देतो," तो कुजबुजला. "श्वाससुद्धा घेणार नाही."

मीनलने त्याच्याकडे बघितलं, आणि भिंतीकडे वळण्याऐवजी त्याच्याकडेच तोंड करून बसली.

ती गायली. आतापर्यंत दर वेळी हरीशने तिला भिंतीपलीकडून ऐकलं होतं, आता समोर होती. विलंबित झालं. द्रुत सुरू झालं. तान निघाली, वर गेली, तिथे घोटाळली, आणि मग एकेक पायरी उतरत अशी काही येऊ लागली की ती कुठे येऊन टेकणार ते हरीशला दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. कुणाच्या मानेकडे न बघता.

"वा!" हरीश म्हणाला.

मीनल थांबली नाही. गाणं संपवूनच ती थांबली. हरीश दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता. परत गायला गळा उरला नव्हता, वेळही नव्हता. सीडी तयार झाली, श्यामलाबाईंच्या पर्समध्ये गेली, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला निघाली. मीनलने त्याला एका शब्दाने दुखावलं नाही. त्यामुळे त्याला जास्तच लाज वाटत होती.

अलकाताईंचा फोन आला तेव्हा मीनलने तो स्पीकरवर टाकला. हरीश स्वयंपाकघराकडे सटकत होता.

"मीनल, तानेत ते मध्येच 'वा' कोण म्हणालं?"

मीनलने सटकणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. "हरीश."

"मी पाणी प्यायले तेव्हा क्या बात है म्हणाला तोच ना?"

"तोच."

मग अलकाताई म्हणाल्या, "मला धास्ती होती गं. चार वर्षं मैफल नाही, समोर ऐकणारा नाही. सम दाखवायची सवय गेली असेल, स्वतःशीच गात असशील. पण त्या माणसाला सम दिसली! मात्राभर आधी म्हणाला, पण दिसली. त्याला दिसली म्हणजे सभागृहात शेवटच्या खुर्चीलाही दिसेल. तिकीट काढ. पहिल्या दिवशी संध्याकाळी तुझा तास."

मीनल रडायलाच लागली. हरीश दारातून परत आला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

"ताई," तो फोनवर वाकून म्हणाला, "आणि शांतता कशी वाटली?"

"कसली शांतता?" अलकाताईंनी विचारलं.

"ऐकलंस?" हरीश मीनलकडे वळून आनंदाने ओरडला. "त्यांना पत्तासुद्धा लागला नाही!" आणि पायजमा एका हाताने घट्ट धरून त्याने जागच्या जागी उडी मारली.